सरलष्कर ते नाईक

निपाणीपासून फारसे लांब नाही असे, कागल तालुक्यातले एक गाव आहे : सेनापती कापशी. नावातला सेनापती म्हणजे संताजी घोरपडे. मोगल महाराष्ट्रभर पसरलेले असताना राजाराम महाराजांनी १६९१ च्या सुमारास संताजींना हे पद दिले. त्यांनी ते रणांगणावर कमावले होते, आणि १६९७ मध्ये ते मारले गेले तेव्हा ते पद त्यांच्याकडे उरलेलेही नव्हते. तरीही त्यांच्या वंशजांनी ‘सेनापती कापशीकर’ हा किताब कोल्हापूर दरबारात पिढ्यान्‌पिढ्या मिरवला. एका माणसाच्या पराक्रमाचे नाव आधी घराण्याचे झाले, मग गावाचे. फौजेचा हुकूम जन्माने मिळतो, ही कल्पना आपल्याकडे कशी रुजली, याचा पुरावा असा एसटीच्या पाटीवर लिहिलेला आहे. ती कल्पना अनादी काळापासून चालत आलेली नव्हती, हे मला इथे सांगायचे आहे. ती घडवली गेली, कठीण प्रसंगी घडवली गेली, आणि तिला मोडायला अडीचशे वर्षे लागली.

शिवाजी महाराजांचा कल उलट होता. लष्कराला मोकासे तोडून न देता रोख वेतन द्यावे, हे त्यांचे धोरण सभासदाने आपल्या बखरीत नोंदवले आहे. ज्याचा पगार खजिन्यातून येतो त्याची निष्ठा खजिन्याच्या धन्याशी राहते, हा त्यामागचा साधा हिशेब. राजाराम महाराजांच्या वेळी खजिनाच उरला नाही. मोगलांकडे जाणारे सरदार थोपवायचे तर देण्यासारखी एकच गोष्ट होती : जमीन. अशी दिलेली जमीन, म्हणजे सरंजाम, खरे तर फौज बाळगण्याचा खर्च भागवण्यासाठी होता, आणि तो काढून घेता येत असे. पण बापाचे पथक मुलगाच चालवू लागला, आणि शाहू महाराजांच्या काळापर्यंत सरंजाम, किताब आणि हुकूम या तिन्ही गोष्टी एकाच वारसाहक्कात बांधल्या गेल्या. राज्य वाचवण्यासाठी केलेली ही तडजोड पुढे राज्याची रीत झाली.

या रीतीचे आपल्या भागातले ठळक उदाहरण म्हणजे निपाणीचे देसाई सिद्धोजीराव नाईक निंबाळकर. ‘सरलष्कर’ हा त्यांचा किताब. ते शूर होते यात शंका नाही. १८०३ च्या मोहिमेत पेशव्यांच्या बाजूने जी पथके इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीबरोबर गेली त्यांत बापू गोखल्यांबरोबर तेही होते, आणि वेलस्लीच्या पत्रव्यवहारात ‘अप्पा देसाई’ हे नाव पुन्हा पुन्हा येते. पण त्यांची फौज नेमकी कोणाची होती? पेशव्यांची म्हणावी तर तिची भाकरी निपाणीच्या जहागिरीतून येत होती. चिकोडी-मनोळीच्या मुलखासाठी कोल्हापूरशी झुंजताना ती निपाणीची होती, इंग्रजांबरोबर चालताना ती पेशव्यांची होती. १८३९ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर इंग्रजांनी वारस मानला नाही आणि जहागीर खालसा झाली. सरलष्कर हे पद त्याच दिवशी संपले. माणसाबरोबर पद बुडते, तिथे ते पद राज्याचे नव्हतेच.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. महादजी शिंदे घराण्याच्या सरदारकीतूनच आले, आणि त्यांच्या तोडीचा सेनानी शोधावा लागेल. खरे आहे. पण पानिपतानंतर महादजींना ती सरदारकी वर्षानुवर्षे झगडून मिळवावी लागली, आणि हाती आल्यावर त्यांनी जो कंपू, म्हणजे कवायती फौज, उभा केला तो द बॉयन या युरोपीय सेनानीच्या हाताखाली, पगारी अधिकाऱ्यांच्या जोरावर. जन्मावर विसंबून भागत नाही, हे त्यांना स्वतःलाच उमगले होते. आक्षेपाची दुसरी बाजू अधिक बोचरी आहे : याच कंपूंतले कित्येक युरोपीय अधिकारी १८०३ मध्ये इंग्रजांशी ऐन युद्धात महादजींचे वारस दौलतराव शिंदे यांना सोडून गेले. म्हणजे पगारी अधिकारीही विश्वासाचा नाही? तर तसे नाही. पगार आणि शिक्षण होते, पण या भूमीशी नाते नव्हते. जहागीरदाराकडे नाते होते, पण ते स्वतःच्या मुलखापुरते. दोन्ही एकत्र आणणारी कल्पना तोवर जन्मलीच नव्हती.

इंग्रजांनी ती आणली, असे सर्रास सांगितले जाते. मला ते पटत नाही. त्यांनी वंशपरंपरेचा सरदार मोडला, पण जन्माची अट ठेवली. फक्त घराण्याऐवजी वर्ण आणि जात आणली. शब्दच पाहा. सुभेदार म्हणजे एकेकाळी सुभ्याचा कारभारी. त्यांच्या पलटणीत तीस वर्षे नोकरी केलेला सुभेदार नुकत्याच आलेल्या पोरसवदा गोऱ्या लेफ्टनंटच्या हाताखाली. खुद्द इंग्लंडात १८७१ पर्यंत पायदळ-घोडदळातली अधिकारपदे पैसे मोजून विकत घेता येत. १९०१ मध्ये कर्झनने काढलेली इम्पीरियल कॅडेट कोअर राजपुत्र आणि सरदारपुत्रांसाठीच होती. आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती थांबवली तेव्हा पुढे केलेले एक कारण असे, की वरच्या जातीचे शिपाई महार सुभेदाराचा हुकूम मानणार नाहीत. निपाणीच्या वाड्यातली कल्पना छावणीत नुसता वेष बदलून आली होती.

ती ढासळली ती दोन महायुद्धांच्या रेट्याने आणि आपल्या लोकांच्या लढ्याने. १९३२ मध्ये भारतीय अधिकारी घडवणारी डेहराडूनची लष्करी अकादमी सुरू झाली. डॉ. आंबेडकरांच्या पाठपुराव्यानंतर महार रेजिमेंटची पहिली बटालियन १९४१ मध्ये उभी राहिली, आणि ती इथेच, बेळगावात. इटलीत १९४४ साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे हुद्द्याने नाईक होते. निंबाळकरांच्या घराण्यात जन्मासोबत येणारा ‘नाईक’ हा शब्द एका शिपायाने बाहीवरच्या दोन फितींनी कमावला होता.

कोणी म्हणेल, मराठा आणि महार ही रेजिमेंटची नावेच जन्माची आठवण ठेवतात. ठेवतात, आणि मराठा पलटणीतल्या शिपायांची भरती आजही पुष्कळशी समाजावर चालते. हे काम अपुरे आहे, हे मान्य केले पाहिजे. हुकुमाचा प्रश्न मात्र सुटला आहे. बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये आज केरळचा किंवा पंजाबचा अधिकारी येतो, मराठी शिकतो, आणि ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही गर्जना आपल्या जवानांबरोबर करतो.