साडेसहा गुणांचे पाप

आमच्या घराण्यात जुगार कोणी खेळला नाही. कोणी खेळला असल्यास त्याने ते सांगितले नाही. म्हणजे तो हरला असावा. दिवाळीत पत्ते निघत, पण ते मेंढीकोटाचे, आणि एखाद्यावर लागोपाठ दोन कोट चढले की आजी म्हणे, "पुरे, आता फराळाला उठा." पुढे मी विम्याच्या कचेरीत चिकटलो आणि पस्तीस वर्षे लोकांना सांगत राहिलो की, बाबांनो, उद्याचा भरवसा नाही, सबब आज हप्ता भरा. अशा सोवळ्यात वाढलेला मनुष्य वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी न्यू जर्सीतल्या एका सोफ्यावर बसून, ज्याचे नावही ठाऊक नाही अशा एका बास्केटबॉल खेळणाऱ्या पोराला शिवी देतो, याला काय म्हणावे?

शिवी तशी साधीच होती. 'गाढवा' एवढीच. पण ती पोटातून आली होती.

त्याचे असे झाले. थंडीत आम्ही उभयता चिरंजीवांकडे गेलो होतो. बाहेर बर्फ, आत हीटर. मग संध्याकाळी करायचे काय? तर बास्केटबॉल बघायचा. या खेळाशी माझा पूर्वपरिचय म्हणजे आमच्या शाळेच्या पटांगणात एक लोखंडी रिंग होती आणि तिच्यावर शिपाई धोतर वाळत घालीत असे. इकडे मात्र तीस संघ, प्रत्येकाचे मोसमात ब्याऐंशी सामने! रोज कोणी ना कोणी उड्या मारीतच असतो.

पण माझ्या लक्षात आले की आमचे चिरंजीव टीव्हीकडे कमी आणि हातातल्या फोनकडे जास्त बघतात.

"काय बघतोस रे?"

"लाइन बघतोय, बाबा."

माझ्या पिढीला लाइन म्हटले की रॉकेलची आठवते. मी म्हटले, "अमेरिकेतसुद्धा?" तेव्हा त्याने फोन माझ्यापुढे धरला. एका संघापुढे लिहिले होते उणे साडेसहा, दुसऱ्यापुढे अधिक साडेसहा, आणि दोघांच्याही बाजूला उणे एकशेदहा. मला वाटले, न्यू जर्सीचे तापमान असेल.

"पैज आहे ती," तो म्हणाला. "आणि बाबा, आता हे कायदेशीर आहे."

कायदेशीर आहे हे खरेच. 1992 च्या एका कायद्याने अमेरिकेत बहुतेक राज्यांना खेळांवरच्या पैजांना परवानगी द्यायला बंदी होती. याच न्यू जर्सी राज्याने भांडून तो कायदा सर्वोच्च न्यायालयात नेला आणि 14 मे 2018 रोजी न्यायालयाने तो रद्द ठरवला. म्हणजे 13 मेला जे बेकायदा, ते 14 मेला राज्याच्या मर्जीवर, आणि महिन्याभरात इथल्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर खुद्द गव्हर्नरसाहेब पहिली पैज लावायला हजर! पाप-पुण्याला इतकी नेमकी तारीख असते हे मला ठाऊक नव्हते. आपल्याकडे 1872 च्या करार कायद्याचे तिसावे कलम सांगते की पैजेचा करारच मुळी निरर्थक. जिंकणाऱ्याला कोर्टात जाऊन पैसे मागता येत नाहीत. हे मला नोकरीतल्या परीक्षेसाठी पाठ करावे लागले होते. ते मी चिरंजीवांना म्हणून दाखवले. तो म्हणाला, "बाबा, ते पैसे लगेच खात्यात जमा करतात."

मग मात्र विमेवाल्याची जिज्ञासा जागी झाली. नीतीचे नंतर बघू, आधी आकडे बघू, असे म्हणून मी चष्मा पुसला.

ते उणे साडेसहा म्हणजे काय, तर एक संघ बलवान आहे, तेव्हा त्याने नुसते जिंकून भागणार नाही. सातने तरी जिंकले पाहिजे, तरच त्याच्यावरची पैज जिंकली. दुबळा संघ सहाने हरला तरी त्याच्यावर पैसे लावणारा जिंकला. ही युक्ती रूढ करण्याचे श्रेय शिकागोच्या चार्ल्स मॅकनील यांना देतात, आणि हे गृहस्थ आधी गणिताचे मास्तर होते! शिकवण्या घेण्यापेक्षा हे बरे, असे त्यांना वाटले असावे. बरे, हा अर्धा गुण कशाला? बास्केटबॉलमध्ये अर्धा गुण कोणालाच करता येत नाही, म्हणूनच. सामना बरोबर सहावर अडला असता तर सगळ्यांचे पैसे परत द्यावे लागतील. अर्ध्याने ती पंचाईत मिटते. कोणीतरी हरतोच.

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन चढवतात, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की तिथले वजन घोड्याला कळते. इथे खेळाडूच्या पाठीवर काहीच नसते. ते साडेसहा गुण सोफ्यावर बसलेल्याच्या छातीवर असतात.

उणे एकशेदहा म्हणजे शंभर मिळवायला एकशेदहा लावायचे. चिरंजीवांनी बावीस डॉलर लावले होते, जिंकले तर वीस मिळणार. मी पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. तू बावीस लावलेस, विरुद्ध बाजूच्याने बावीस लावले, झाले चव्वेचाळीस. जिंकणाराला स्वतःचे बावीस आणि वरचे वीस मिळून बेचाळीस. दोन डॉलर राहिले कुठे? पेढीवर. म्हणजे एकवीस पैजांतल्या अकरा जिंकल्यास, तेव्हा कुठे तू होतास तिथे राहशील!

नुसते कोण जिंकणार यावर लावायचे तर तिथेही तीच गत. बलवानापुढे उणे अडीचशे, दुबळ्यापुढे अधिक दोनशेदहा. पहिल्यावर अडीचशे लावले तर शंभर मिळणार, दुसऱ्यावर शंभर लावले तर दोनशेदहा. या भावांत दडलेल्या शक्यता मी काढल्या: एकाची 71.4 टक्के, दुसऱ्याची 32.3. बेरीज 103.7! दोघांपैकी एकच जिंकणार, तेव्हा शक्यतांची बेरीज शंभर झाली पाहिजे, हे आम्हाला विम्यात पहिल्या आठवड्यात शिकवले होते. वरचे 3.7 म्हणजे पेढीच्या भाड्यापाण्याचा खर्च.

मग एकेक पदार्थ ताटात येऊ लागले. दोन्ही संघांचे मिळून किती गुण होतील, साडेदोनशेवीसच्या वर की खाली? अमुक खेळाडू एकटा किती करील? सामना चालू असताना दर मिनिटाला बदलणारे भाव वेगळेच. आणि सर्वांत गोड पदार्थ म्हणजे चार पैजा एकत्र बांधायच्या. चारही जिंकल्या तर घबाड, एक जरी हरली तरी सगळे पाण्यात. चार नाणी उडवून चारही छापा पडण्याची शक्यता सोळांत एक, म्हणजे शंभराचे सोळाशे व्हायला हवेत. इथे होतात सुमारे तेराशेअठ्ठावीस.

"बाबा, तुम्ही तर पाच मिनिटांत शिकलात!" चिरंजीव कौतुकाने म्हणाले. मुलाने बापाचे कौतुक करण्याचे प्रसंग आयुष्यात दोन-तीनच येतात. त्यातला एक अशा कारणाने यावा!

मी धीर करून म्हटले, "पण हे बरे नव्हे."

"का? वीस डॉलर. सिनेमाला गेलो तरी तेवढे जातात. आणि तुमचा विमा तरी काय हो? माणूस कधी मरणार यावर पैजच ना?"

हा घाव वर्मी बसला. हिशेब एकच, तक्ते एकच, पेढीचा खर्चही तसाच. मी गप्प बसलो आणि गप्प बसता बसता त्याची पैज माझीही झाली. डोक्यात भाव शिरला की मालकी आपोआप येते.

सामना सुरू झाला. दोन्ही संघांची नावे मी आता विसरलो. भाव मात्र पाठ आहे. आमचा संघ घरच्या मैदानावर. शेवटची काही सेकंदे उरली तेव्हा आम्ही आठने पुढे. सामना संपल्यातच जमा. प्रेक्षक उठून कोट चढवू लागले, खेळाडू एकमेकांची पाठ थोपटू लागले. चिरंजीव म्हणाले, "आले वीस." तेवढ्यात पाहुण्या संघातल्या एका पोराच्या हाती चेंडू आला. बिचारा सगळा वेळ बाकावर बसून होता, शेवटची दोन मिनिटे त्याला घेतले होते. त्याने लांबून चेंडू फेकला. भोंगा वाजला, आणि चेंडू जाळीत. तीन गुण. आठाचे झाले पाच.

घरचा संघ जिंकला. मैदानावर जल्लोष. आणि आमच्या सोफ्यावर सुतक! "गाढवा!" मी ओरडलो. "काय गरज होती रे?"

माझ्या पाठीमागे टाळी वाजली. आमची ही स्वयंपाकघरातून हात पुसत आली होती. तिला संघ ठाऊक नाहीत, साडेसहा ठाऊक नाहीत. ती म्हणाली, "अहो, किती लांबून टाकला हो त्याने! मघापासून नुसता बसला होता बिचारा. त्याची आई बघत असेल नाही?"

त्या रात्री मला झोप आली नाही. चिरंजीवांच्या प्रश्नाचे उत्तर सापडत नव्हते ते आता सापडल्यासारखे वाटले. विमा काढणारा हप्ता भरतो आणि मनात म्हणतो, देवा, हे पैसे मला कधी मिळू नयेत. हरावे म्हणून लावलेली ती जगातली एकच पैज असेल. इंग्लंडात एके काळी लोक तिऱ्हाइताच्या, एखाद्या आजारी बड्या माणसाच्याही, आयुष्यावर विमे उतरवीत आणि मग रोज सकाळी त्याची प्रकृती विचारीत. कशी आहे म्हणून नव्हे, बिघडली का म्हणून. शेवटी 1774 मध्ये कायदा करावा लागला की ज्याच्या जगण्यात तुमचे हित नाही, त्याच्या मरणावर तुम्हाला विमा नाही. हा नियम मी पस्तीस वर्षे अर्जावर तपासला. आणि त्या पोराचा चेंडू चुकावा म्हणून मीच श्वास रोखून बसलो होतो!

आता कोणी म्हणेल, साधा प्रेक्षकही तेच इच्छितो. इच्छितो की. पण सामन्याचा निकाल लागला की त्याचे वैर संपते. त्या शेवटच्या क्षणी भर मैदानात कोणाला त्या चेंडूचे काही नव्हते. वैर उरले होते ते माझ्या मनात, आणि तेसुद्धा बावीस डॉलरांचे. म्हणजे माझेही नव्हे, मुलाचे.

आणि हे मन नुसते सोफ्यावर राहत नाही, ते मैदानातही उतरते. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजच्या संघाने 1950 साली देशातल्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या; 1951 मध्ये त्याच पोरांना अटक झाली. त्यांना 'हरा' असे सांगायची गरजच नव्हती. जिंका, पण थोडक्याने जिंका! गुणांच्या फरकाची ही करामत आहे. त्यात मनाला समजावता येते की आपण संघाशी दगा केला नाही. अगदी अलीकडे, 2024 च्या मार्चमध्ये, टोरांटो संघाचा जाँटे पोर्टर तीन मिनिटे खेळून आजारी असल्याचे सांगून बाहेर बसला. त्याचे गुण कमी होतील यावर कोणीतरी ऐंशी हजार डॉलर लावून अकरा लाखांची वाट बघत होते. त्याला जन्मभरासाठी बंदी झाली. पेढीच्या भावात खेळाडूच्या पोटदुखीलाही किंमत आली की ती पोटदुखी होणारच.

सकाळी चहा घेताना मी चिरंजीवांना एवढेच विचारले, "वर्षात एकूण किती गेले रे?"

"तसा हिशेब ठेवला नाही, बाबा."

विमेवाल्याचा मुलगा! मी म्हटले, "त्या फोनमध्ये असेल. काढ." त्याने काढला. बराच वेळ बघितला. मग फोन माझ्याकडे दिला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. आकडा मी इथे सांगत नाही, कारण सूनबाई माझे लेख वाचतात. एवढेच सांगतो की तो सिनेमाच्या तिकिटाचा नव्हता. मीही काही बोललो नाही. मघाशी 'गाढवा' म्हणून ओरडलेल्या बापाला बोलायला तोंड कुठे होते?

त्याने ते खाते बंद केले. निदान माझ्यासमोर तरी केले. पुढचे सामने आम्ही नुसतेच बघितले. हिने त्या बाकावरच्या पोराची चौकशी रोज चालू ठेवली: "आज घेतले का हो त्याला?" तो पुन्हा काही दिसला नाही.

परत निघायच्या आदल्या दिवशी चिरंजीवांनी सहज विचारले, "बाबा, आज कोण जिंकेल?"

मी अगदी निर्विकारपणे खेळाडूंच्या उड्या बघत होतो. निदान मला तसे वाटत होते. पण तोंडातून निघाले, "घरचे. पण साडेचारच्या वर नाही."

आमची ही आतून म्हणाली, "साडेचार कसले? विमान साडेसहाचे आहे ना?"