भाकीत चुकलं, असं कधी म्हणायचं?

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला, गावाबाहेरच्या शेतात, वाघ घराण्यातली माणसं घट मांडतात. अठरा धान्यांचं वर्तुळ, मधोमध खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर आणि घागरीवर पापड, भजी, कुरडई, करंजी. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणतं धान्य सरकलं, कोणतं ढेकूळ भिजलं, हे पाहून पाऊस, पिकं, राजा आणि तिजोरी यांचं भाकीत सांगितलं जातं. चंद्रभान महाराजांनी तीनेकशे वर्षांपूर्वी ही प्रथा सुरू केली, असं मानतात. ते भाकीत ऐकायला वऱ्हाडभरातून शेतकरी येतात आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते ते खोडून काढतात.

खरं की खोटं, यावर दोन्ही बाजू भांडतात. मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमातला संशोधनपद्धतीचा पेपर त्याआधीचा प्रश्न विचारायला शिकवतो: भाकीत चुकलं, असं कधी म्हणायचं? ‘पाऊस कमी-जास्त’, ‘कपाशी मोघम’, ‘ज्वारी साधारण’. किती मिलिमीटर, कोणत्या तालुक्यात, हे आधी ठरलेलं नसेल तर असं विधान चुकूच शकत नाही. ही आधी ठरवलेली मोजपट्टी म्हणजे कार्यात्मक व्याख्या. ती नसली की ऐकणारा स्वतःच अर्थ भरतो. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचं व्यक्तिमत्त्व’ म्हणून एकच मजकूर वाटला. तो किती जुळतो याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले.

शिवाय वऱ्हाडात जुलै-ऑगस्टमध्ये चांगला पाऊस होईल, असं कुणीही सांगावं. बहुतेक वर्षी ते खरं ठरेल. भाकिताची तुलना या अंदाजाशी व्हायला हवी, आणि ती सहसा होत नाही.

महाराष्ट्रात अशी एक नेटकी परीक्षा झालेली आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये ज्योतिषांना आव्हान दिलं. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या, त्यांतल्या चाळीस-चाळीस, कोणती हुशार मुलाची आणि कोणती मतिमंद मुलाची हे ओळखायला, प्रत्येकाकडे पाठवल्या. यशाची रेषा आधीच आखली होती: चाळीसपैकी किमान २८. उत्तरं पाठवणाऱ्या २७ जणांत सर्वोत्तमाचे २४ बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी वीसच्या आसपास आले असते.

भेंडवळसाठी असा प्रयोग रचता येईल का? त्यासाठी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं वावर पाहावं. नव्या वाणाशेजारी जुनं पेरलेलं असतं, कोणता वाफा कुणाला हे चिठ्ठीवर ठरतं, आणि तोच प्रयोग पुन्हापुन्हा मांडला जातो. ही रीत संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतीप्रयोगांतून घडवली. मानसशास्त्राने ती तिथूनच उचलली. भेंडवळला हीच रीत लावायची म्हणजे शेजारच्या शेतात, त्याच रात्री, घराण्याबाहेरच्या कुणी दुसरा घट मांडावा. वारा, मुंग्या, उंदीर दोन्हीकडे सारखेच. वाचणाऱ्याला कोणता घट कुणाचा, ते ठाऊक नसावं. भाकीत आकड्यांत लिहून पाकीट बंद करावं.

श्रद्धेची परीक्षा घेऊ नये, हा आक्षेप इथे येतोच. तो अर्धाच पटतो. देवापुढे हात जोडणाऱ्याला पर्जन्यमापक दाखवणं आगाऊपणाचं आहे. पण जूनमध्ये किती पडेल हे सांगणारा त्या मापकाच्या हद्दीत स्वतःहून आलेला असतो.

लोक तिथे का जातात, हा वेगळा प्रश्न, आणि तो अधिक रसाळ. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णेकाठचा खारपाणपट्टा जातो. विहिरीचं पाणी खारं, भिस्त पावसावर. बियाणं उधारीवर घेणाऱ्याला चार शब्द हवे असतात. ते ऐकून तो पेरणी बदलतो, की मनात ठरलेलंच पक्कं करून परततो? याचं उत्तर मिळवायचं तर त्याच शेतकऱ्यांना घटाच्या आदल्या दिवशी, पेरणी उरकल्यावर आणि दिवाळीनंतर असं तीनदा विचारावं लागेल. एकदाच, तेही हंगाम संपल्यावर विचारलं, तर पिकाने जे दाखवलं तेच आपण भाकितात ऐकलं होतं, असं त्यांना प्रामाणिकपणे आठवेल.