पूररेषा आणि नीति

नाशिकास भर पावसाळ्यात कोणासही ‘गोदेला पाणी किती?’ असे विचारले, तर तो आकड्यांत उत्तर देणार नाही. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीचा हवाला देऊन ‘गुडघ्यापर्यंत’, ‘कमरेपर्यंत’, ‘गळ्याशी’ असे तो सांगेल. हे माप शास्त्रीय नव्हे. परंतु गावाला ते पुरते. मारुतीच्या अंगावर पाणी चढू लागले की काठचे दुकानदार माल हलवू लागतात. १९६९ च्या महापुराच्या गोष्टी वडीलधारी मंडळी अजून सांगतात; २००८, २०१६ आणि २०१९ ह्या साली नदी पुन्हा सराफबाजारात शिरली. ज्या गावाला आपल्या नदीचे माप इतके तोंडपाठ आहे, त्यानेच तिच्या पात्रालगत नवी घरे का बांधावीत, हा प्रश्न मला अनेक वर्षे पडलेला आहे.

अज्ञान हे ह्याचे उत्तर नव्हे. २००८ च्या पुरानंतर शहरात पूररेषा आखली गेली. निळी रेषा म्हणजे सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा. तांबडी रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत वस्ती नको, आणि दोहोंमधील पट्ट्यात बांधणे झाल्यास ते जपून व पुरेशा उंचीवर व्हावे, असा त्यामागील विचार. ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द ऐकून मनुष्य निश्चिंत होतो; आपण तोवर थोडेच असणार! पण गणित निराळे आहे. ह्या शब्दांचा अर्थ, दर वर्षी शंभरांत एक इतका संभव, एवढाच. तांबड्या रेषेवरील घरात कोणी ३० वर्षे राहिला, तर तसा पूर पाहण्याचा संभव शेकडा २६. ७० वर्षे राहिला, तर जवळजवळ निम्मा. निळ्या रेषेवरील घराला ३० वर्षांत तोच संभव शेकडा ७० होतो. वर गंगापूरचे धरण आहे, असे कोणी म्हणेल. परंतु धरण भरले म्हणजे आलेले पाणी त्याला सोडावेच लागते; आणि धरणाखाली पडलेला पाऊस अडविणे तर त्याच्या हातीच नाही.

माझ्या एका वृद्ध स्नेह्यांची जागा ह्या रेषेत सापडली आहे. ते मला म्हणाले, “अहो प्रोफेसर, जागा माझी, पैसा माझा. बुडालो तर मी बुडेन. इतरांचे त्यात काय जाते?” व्यक्तिस्वातंत्र्याचे पाठ मी वर्गात आयुष्यभर दिले, तेव्हा हा युक्तिवाद मला सहजासहजी टाकून देता येईना. स्वतःच्या जिवावर उदार होण्याचा हक्क मनुष्याला आहे, हे मला मान्य आहे. प्रश्न इतकाच, की येथे तो केवळ स्वतःच्या जिवावर उदार होत असतो काय?

नदीच्या वाटेत भराव घालून घर उभारले, म्हणजे तेथून हटलेले पाणी नाहीसे होत नाही. ते शेजाऱ्याच्या अंगणात जाते. घर उद्या विकले जाते, आणि घेणाऱ्याला त्या जोत्याचा इतिहास कोणी सांगत नाही. पुराच्या रात्री दोर घेऊन पाण्यात उतरणारा जवान तर ह्या सौद्यात कधीच पक्षकार नव्हता. म्हणजे धोका पत्करणारा एक आणि भोगणारे अनेक, असा हा व्यवहार आहे. ज्यांची संमती कोणी विचारली नाही, त्यांच्या वतीने धरलेला हात म्हणजे पूररेषा. नदीने नेमून दिलेली मर्यादा नगररचनेच्या नकाशावर प्रथम उतरावी आणि रस्ते व भूखंड त्यानंतर, असा माझा आग्रह ह्याचसाठी आहे. कोणाची जागा कोठे पडते हे ठरण्यापूर्वी आखलेली रेषा निःपक्षपाती असते. मागाहून आखलेल्या रेषेला प्रत्येकजण आपापल्या कुंपणापलीकडे ढकलू पाहतो.

माझे हे म्हणणे स्नेह्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, “पटले. पण रेषा आखण्यापूर्वी मी ही जागा घेतली. जन्माची पुंजी घातली. माझ्या न बांधण्याने गाव वाचणार असेल, तर त्याची किंमत मी एकट्यानेच का द्यावी?”

ह्यावर मजजवळ उत्तर नव्हते, आणि ते नसणेच योग्य होते. हॉलंडात १९९३ व १९९५ च्या पुरांनंतर लोकांनी बांध उंच करीत न बसता नदीलाच जागा देण्याचे ठरविले. नायमेखेन शहरासमोर वाल नदीचा बांध सुमारे ३५० मीटर मागे घेतला. त्यासाठी पन्नासेक घरे हलवावी लागली. परंतु त्या कामाचा भार साऱ्या राष्ट्राने उचलला. जी सुरक्षितता सर्वांची, तिचा खर्चही सर्वांचा, हा साधा न्याय आहे. रेषा आखावयाची आणि तिच्याखाली सापडलेल्यास वाऱ्यावर सोडावयाचे, हे ज्या समाजाला चालते, त्याला ती रेषा फार दिवस राखता येणार नाही. कारण जिच्यात न्याय नाही, ती मोडण्यात कोणालाच पाप वाटत नाही.

धोका मोजणे ही विद्या. तो मानणे आणि मानण्याची किंमत वाटून घेणे ही नीति. पहिली आपणांस साधली आहे. मात्र एका तोंडाने आपण पुराच्या गोष्टी सांगतो आणि दुसऱ्याने रेषा थोडी मागे घ्या म्हणतो. दुतोंड्या हे नाव मारुतीला मिळाले, वर्तन मात्र आपले.

स्नेह्यांनी त्या जागेवर अद्याप काही बांधलेले नाही. तेथे पेरूची चार झाडे आहेत. “बांधणार नाही,” ते परवा म्हणाले, “पण माझे गावाकडे येणे आहे, एवढे लिहून ठेवा.” तेच येथे लिहून ठेवीत आहे.