टाकून दिले, पण कुणाला दिले?

मराठीत आपण 'टाकून दिले' असे म्हणतो. टाकले हे खरे, पण दिले कुणाला? दुधाची पिशवी, शाम्पूची पुडी, बिस्किटाचे वेष्टन दाराबाहेरच्या डब्यात गेले की आपल्यापुरते ते संपते. प्रत्यक्षात ते कुणाच्या तरी हातात, कुणाच्या तरी दारच्या नाल्यात, एखाद्या गायीच्या पोटात जाते. २६ जुलै २००५ रोजी मुंबई बुडाली तेव्हा तुंबलेल्या गटारांतून हेच 'दिलेले' आपल्याला परत मिळाले होते.

आता या प्रश्नाला एक मोहक उत्तर सापडले आहे. प्लास्टिक कुजत नाही ना? मग जे कुजू नये असे आपल्याला वाटते तेच त्याचे बनवा. रस्ता, वीट, फरशी, भिंत. कालचा दोष आज गुण ठरला. बऱ्याच अंशी हे खरेही आहे. मदुराईच्या त्यागराजर इंजिनीअरिंग कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी ते करून दाखवले. खडी सुमारे १६० ते १७० अंशांपर्यंत तापवायची आणि तिच्यावर प्लास्टिकचा बारीक चुरा सोडायचा. तो वितळून खडीला पातळ थरासारखा चिकटतो. त्यावर डांबर पक्के बसते आणि पाणी सहजासहजी आत शिरत नाही. २००२ साली चेन्नईच्या जंबुलिंगम स्ट्रीटवर असा रस्ता झाला. २०१३ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसने या पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वे काढली, २०१८ मध्ये वासुदेवन यांना पद्मश्री मिळाली. आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये युनिसेफने कोलंबियाच्या एका संस्थेबरोबर २०१९ साली प्लास्टिकच्या विटांच्या कारखान्याचे काम हाती घेतले. त्या विटांतून शाळेच्या पाचशे वर्गखोल्या बांधण्याचा संकल्प होता. कचरा वेचणाऱ्या गरीब बायांकडून प्लास्टिक विकत घ्यायचे आणि त्याच वस्तीतल्या पोरांना वर्ग मिळायचा. याला नावे ठेवायला आमची जीभ धजत नाही.

तरीही एक प्रश्न उरतोच. कचऱ्याला चांगला उपयोग सापडला म्हणजे कचरा करण्याची मुभा मिळाली काय?

प्लास्टिकचा जन्मही एका सदिच्छेच्याच घरचा आहे. १८६९ च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हयात यांनी सेल्युलॉइड तयार केले. बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय हवा होता, हे त्यामागचे निमित्त. हत्ती वाचतील अशी तेव्हा आशा होती. त्याच घराण्याने पुढे जग भरून टाकले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २०१५ पर्यंत जगाने सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक बनवले आणि जे कचरा झाले त्यातले जेमतेम ९ टक्के पुनर्वापरात आले. एका उपायाने दुसऱ्या संकटाला दार उघडावे, हे माणसाच्या इतिहासात नवे नाही. आपण फक्त दर वेळी नव्याने चकित होतो.

आमच्या आजीपणजींनी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली. पण लुगडे आधी अंगावर विरले होते, मग ते गोधडीत गेले. पाच मिनिटे वापरलेली पिशवी विटेत घालणे आणि पंधरा वर्षे नेसलेले लुगडे गोधडीत घालणे या एकाच जातीच्या गोष्टी नव्हेत. शिवाय गोधडी विरली तर मातीला मिळते. वाळूत वितळवून घातलेले प्लास्टिक पुन्हा सुटे करता येत नाही. ती वीट फुटेल तेव्हा तिचे काय करायचे, हा प्रश्न आपण नातवंडांच्या नावे लिहून ठेवतो. ठेव म्हणून आणि तीही त्यांना न विचारता.

आणि ही वीट कुणाच्या घराला लावायची? 'स्वस्त घरांसाठी' हे शब्द बहुतेक ठिकाणी आढळतात. म्हणजे गरिबांसाठी. लंडनचा ग्रेनफेल टॉवर आठवून पाहावा. १४ जून २०१७ च्या रात्री त्या इमारतीला आग लागली. ७२ माणसे गेली. बाहेरून लावलेल्या पत्र्यांच्या पोटात पॉलिथिन होते, त्यामुळे आग भराभर वर चढली. ते पॉलिथिन नवे होते, कचऱ्यातले नव्हते. पण आग असा भेद करीत नाही. तिथे राहणारी बहुतेक माणसे बेताच्या मिळकतीची होती, त्यांत परदेशांतून आलेली कुटुंबे पुष्कळ होती. म्हणून प्लास्टिकची भिंत विकणाऱ्याला आम्ही एवढेच विचारू : तुमची लेकरे तिच्या आड झोपतील ना? रस्त्याला, फुटपाथच्या फरशीला आमची हरकत नाही. घराची भिंत मात्र आगीच्या कसोटीला उतरल्याशिवाय कुणाच्याही माथी मारू नये.

या साऱ्या व्यवहारात एक माणूस फोटोत येत नाही. रस्त्यात कुठलेही प्लास्टिक चालत नाही. पीव्हीसी तापले तर हायड्रोक्लोरिक आम्लाचा विषारी वायू सुटतो, म्हणून ते वेचून बाजूला काढावे लागते. हे काम कोण करते? धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये बसलेला पोरगा तुकडा वाकवून, त्याचा आवाज ऐकून, प्रसंगी जाळून वास घेऊन जात ओळखतो. मग दळणे, धुणे, पत्र्यावर वाळत घालणे आणि वितळवून दाणा काढणे. प्रयोगशाळेला ज्यासाठी यंत्र लागते, ते इथे नाकाने होते आणि ते नाक त्याची किंमत मोजत असते. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हा कचरावेचक बायांनी पहिल्यांदा सांगितले की आम्ही कामगार आहोत. ओळखपत्र मिळवायलाही त्यांना झगडावे लागले. कुणी दया दाखवावी असे त्यांचे मागणे नव्हते.

महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आणली. काही दिवस बाजारात कापडी पिशव्या दिसल्या. आज भाजीच्या कुठल्याही गाडीवर उभे राहा. पालेभाजीवाल्याकडे पिशवी मागितली की तो आधी इकडेतिकडे बघतो आणि गाडीखालून काढून देतो. उद्या त्या पिशवीची वीट होणार आहे, असे त्याला आणि आपल्याला दोघांनाही कळले, तर इकडेतिकडे बघायचेही कारण उरणार नाही. आम्हाला भीती वाटते ती याची. वीट करणाऱ्यांनी ती जरूर करावी. पण तिच्या जाहिरातीत ती किती पिशव्या गिळते हे छापताना, त्या पिशव्या वेचणाऱ्या बाईला किलोमागे काय मिळाले तेही छापावे.