नाव नसलेले पूर्वज

अलिबागजवळ नवगावला समुद्राकाठी बेने इस्रायल या यहुदी समाजाची जुनी दफनभूमी आहे. परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले तेव्हा सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. किनाऱ्याला लागलेली प्रेते त्यांनी इथेच मातीआड केली. कुणाची आद्यकथा वीराच्या जन्मापासून सुरू होते, कुणाची देवाच्या वरदानापासून. यांची सुरू होते अंत्यसंस्कारापासून.

हे घडले कधी? हाईम सॅम्युअल केहीमकरांनी १८९७ साली समाजाचा इतिहास लिहिला. तो १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. त्यांनी हे आगमन इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात नेले. काही अभ्यासक ते बरेच अलीकडे आणतात. या वादात दफनभूमी साक्ष देत नाही. त्या पहिल्या मृतांची नावे कुणालाच ठाऊक नाहीत.

मला त्यांचे निनावी असणेच मोलाचे वाटते. नाव कोरले की थडगे एका घराण्याचे होते. ते घराणे गाव सोडून गेले की थडगे पोरके होते. निनावी मृत मात्र सगळ्यांचेच पूर्वज होऊ शकतात. कुलाबा जिल्ह्यात गावोगाव पांगलेल्या या लोकांनी तेलघाणे चालवले, शनिवारी ते बंद ठेवले, म्हणून ते ‘शनवार तेली’ झाले. हिब्रू मागे पडली, मराठी घरची झाली. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर झाले. ग्रंथ हाती नसताना सुंता, शनिवार, खाण्यातले विधिनिषेध आणि ‘शेमा’ ही प्रार्थना टिकली. तशीच आपले पहिले मृत कुठे पुरले ही आठवणही.

१९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबाबत शंका काढली आणि आई, आजी, पणजी अशी मागे जाईल तितकी कुळाची चौकशी करायला सांगितले. मोठा लढा झाला. १९६४ मध्ये सरकारने त्यांना सर्वार्थाने यहुदी मानले. ज्यांच्या सामाईक स्मृतीचा पायाच निनावी मृतांवर उभा होता, त्यांच्याकडेच वंशावळ मागितली गेली.

समाज रक्ताने बांधला जातो, की कुणाचे मृत आपले मानायचे या निवडीने? धर्मपीठाला पहिले उत्तर हवे होते. नवगावने दुसरे दिले, आणि ग्रंथ, भाषा, सत्ता यांपैकी काहीही हाती नसताना पिढ्यान् पिढ्या एकत्र राहायला ते पुरले.