मोजलेलें आणि मानलेलें

खाद्यांत प्रथिन किती, हें ठरविण्यास योहान केल्डाल याची १८८३ सालची रीत अद्याप प्रमाण मानितात. पदार्थ तीव्र गंधकाम्लांत उकळावा, त्यांतील नायट्रोजन अमोनियारूपानें काढून मोजावा, आणि त्या अंकास बहुधा ६.२५ नें गुणावें. मोजला जातो नायट्रोजन; प्रथिन आपण मानतों. हें मानणें व्यवहारास पुरतें, पण देणारा प्रामाणिक असेल तोंवरच.

चीनमध्यें पाणी घातलेल्या दुधांत मेलामाइन मिसळल्याचें २००८ सालीं उघडकीस आलें. मेलामाइनांत वजनानें दोनतृतीयांश नायट्रोजन असतो. त्यामुळें अंक भरून निघाला, सुमारें तीन लक्ष बालकें आजारी पडलीं, आणि सहा दगावलीं. गवळ्याचें पाणी आपणांस जुनेंच आहे. येथें भेसळ दुधाइतकीच कसोटींतही झाली होती.

मुख्य अपराध मिसळणाराचा, याविषयीं वाद नाहीं. परंतु दूध विकत घेऊन केवळ अंक पाहणारा निर्दोष, असें म्हणावयास माझें मन धजत नाहीं. आदल्याच वर्षीं, २००७ सालीं, चीनमधून अमेरिकेंत गेलेल्या कुत्र्यामांजरांच्या खाद्यद्रव्यांत हेंच मेलामाइन सांपडलें होतें, व तें जगजाहीर झालें होतें. ‘ठाऊक नव्हतें’ ही सबब त्यानंतर कोणासही उरली नव्हती.