बैलांच्या शिंगांवरचे पलिते

कात्रजला गच्चीवर रात्री उभं राहिलं की जुन्या घाटाच्या वळणांवरून उतरणारे दिवे दिसतात. रस्ता दिसत नाही, गाडी दिसत नाही, डोंगरही आकाशाहून जरा जास्त काळा एवढाच. तरी मला दिवे दिसतात असं नाही, गाड्याच दिसतात. दोन दिवे ठरावीक अंतर राखून एकदम वळले की तो ट्रक. एकटा दिवा झपझप खाली आला की मोटारसायकल. एखाद्या ट्रकचा एक दिवा गेलेला असला, तर वस्तीजवळ येईपर्यंत मी त्याला मोटारसायकलच समजतो. फक्त मनात कुठेतरी टोचत राहतं, की ही मोटारसायकल इतक्या संथपणे का उतरतेय? या टोचणीबद्दल मला बरीच वर्षं लिहायचं होतं. अद्भुत चित्रपट पाहताना होणारी टोचणी हीच.

याच घाटाने मराठीला एक वाक्प्रचार दिला. एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी लाल महालात शिरून शाइस्ताखानावर छापा घातला, खानाची बोटं तुटली, आणि महाराज सिंहगडाकडे निघून गेले. पाठलागावर निघालेल्या मोगलांना मात्र कात्रजच्या घाटात मशालींची रांग दिसली. बैलांच्या शिंगांना आणि झाडांना पलिते बांधून ठेवले होते, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. फौज तिकडे धावली. तेव्हापासून एखाद्याला फसवून भलत्याच वाटेला लावणं म्हणजे त्याला कात्रजचा घाट दाखवणं.

ही गोष्ट आपण महाराजांच्या चातुर्याची म्हणून ऐकतो, आणि ती आहेच. पण मला त्यात कथा रचणाऱ्याची नजर दिसते. नुसत्या उजेडाने कोणी फसत नाही. तेच पलिते एखाद्या सरळसोट कड्यावर लावले असते तर मोगल सरदार बुचकळ्यात पडले असते, पण धावले नसते. कात्रजचा घाट ही दक्षिणेकडे जायची वाट होती. पळणारा माणूस त्या वाटेने जाईल हे पटण्यासारखं होतं. रात्री घाट चढणारी फौज मशाली घेऊनच चढणार, हेही ठाऊक होतं. बैल चालतात, थांबतात, मागेपुढे होतात, तशीच थकलेली माणसंही होतात. खोटी गोष्ट एकच होती, की मशालींखाली माणसं नव्हती. बाकी वाट, दिशा, वेळ आणि चाल, सगळं खरं होतं. त्या खऱ्याच्या जोरावर फौज मोगलांनी स्वतःच उभी केली.

असाच डाव इटलीत इ.स.पू. २१७ मध्ये हॅनिबलने टाकला होता. सुमारे २००० बैलांच्या शिंगांना जळत्या काटक्या बांधून त्याने ते रात्री डोंगरावर हाकलले. खिंड अडवून बसलेले रोमन पहारेकरी त्या दिव्यांमागे गेले आणि मोकळ्या झालेल्या खिंडीतून हॅनिबलची फौज निघून गेली. रोमन सेनापती फेबियसला मात्र डावाचा संशय आला होता. तो छावणीतून हललाच नाही.

अद्भुत चित्रपटांविषयी बोलताना आपल्याकडे दोन टोकांची माणसं भेटतात. एक फेबियसच्या जातीची. माणूस उडाला की त्याचं वजन विचारतील, राक्षस मोठा झाला की त्याची हाडं ते वजन कशी पेलतात हे विचारतील. ती छावणीतच बसून राहतात आणि त्यांना काहीच दिसत नाही. दुसरी माणसं म्हणतात, ‘सगळं काल्पनिकच आहे ना, मग तर्क कसला शोधता?’ मला या दुसऱ्यांची जास्त काळजी वाटते, कारण त्यांचं वाक्य ऐकायला उदार असतं आणि त्याच वाक्याच्या आडोशाला वाट्टेल तो आळशीपणा खपतो. काल्पनिक आहे म्हणूनच तर्क हवा. खऱ्या जगाला तर्क नसला तरी चालतं, ते आपल्या डोळ्यांसमोर उभं असतं. रचलेल्या जगाला उभं राहायला दुसरा आधारच नसतो.

आता एक फरक मान्य केला पाहिजे. मोगलांना बैल माहीत नव्हते. प्रेक्षकाला माहीत असतात. तो तिकीट काढून, पलिते शिंगांना बांधलेत हे समजून आत येतो. दादासाहेब फाळक्यांनी ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) हे किती निर्मळपणे केलं आहे. कृष्णाची भूमिका त्यांची मुलगी मंदाकिनी हिने केली होती. चित्रपट सुरू होताना ती आधी मुलगी म्हणूनच पडद्यावर येते, चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव करून दाखवते, आणि मग कृष्ण होते. फाळक्यांनी बैल आधी दाखवले आणि मगच पलिते पेटवले. त्यामुळे डोहात उडी घेणारा कृष्ण तसूभरही कमी कृष्ण वाटत नाही. म्हणजे आपल्याला फसायचं नसतं, विश्वास ठेवायचा असतो. आणि विश्वास ठेवायला आलेल्या माणसाशी जास्त प्रामाणिकपणे वागावं लागतं.

हा विचार आपल्याकडे फार जुना आहे, याचं मला कायम अप्रूप वाटतं. दहाव्या-अकराव्या शतकात काश्मीरमध्ये अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावर टीका लिहिताना रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली. त्यातलं पहिलंच विघ्न ‘संभावनाविरह’, म्हणजे समोरची गोष्ट घडू शकेल असं न वाटणं. जिथे संभाव्यताच वाटत नाही तिथे मन टेकत नाही, आणि मन टेकलं नाही तर रस कुठून येणार? मग समुद्र ओलांडण्यासारख्या अलौकिक गोष्टींचं काय करायचं? त्यावर त्याचा तोडगा असा की रामासारखा प्रख्यात नायक घ्यावा. त्याच्या पराक्रमावर लोकांचा विश्वास पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला असतो, तो नाटककाराच्या कामी येतो.

पण ज्याच्यापाशी असा प्रख्यात नायक नाही, ज्याला देवही नवा घडवायचा आहे, त्याने काय करावं? हा प्रश्न मनात घेऊन मी ‘तुंबाड’ पुन्हा पुन्हा पाहिला आहे. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आला. भाषा हिंदी, पण माती, पाऊस, वाडा, लोभ सगळं मराठी. बीज नारायण धारपांच्या कथेतलं, नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण देणारं. त्यातला हस्तर कुठल्याही पुराणात नाही. त्याच्यामागे कुणाचीही श्रद्धा उभी नाही. म्हणून चित्रपटाने त्याला नियम दिले. समृद्धीच्या देवीचं हे पहिलं पोर सोन्यावर आणि धान्यावर हावरं झालं. सोनं त्याला मिळालं, धान्य मिळालं नाही. त्यामुळे तो कायमचा भुकेला. पिठाची बाहुली टाकली की तो तिच्यावर तुटून पडतो, आणि तेवढ्याच वेळात त्याच्या लंगोटातून मोहरा काढायच्या. त्याचा स्पर्श झालेला माणूस सडतो, पण मरत नाही.

नियम इतकेच. पण चित्रपटाचा नायक विनायकराव पुण्याहून तुंबाडला जातो, दोराने खाली हस्तरपाशी उतरतो, पिठाचं रिंगण आखतो, आणि मूठभर मोहरा घेऊन परततो, तेव्हा ते आपल्याला एखाद्या धंद्यासारखं वाटू लागतं. धोका ठरलेला, कमाई ठरलेली, भांडवल म्हणजे थोडी कणीक. अद्भुताला हिशोब आला की ते खरं होतं. आणि शेवटी तो आणि त्याचा मुलगा ठरवतात, बाहुल्या जास्त नेऊ, लंगोटच पळवू. जितक्या बाहुल्या तितके हस्तर उभे राहतात. बाहेरून कुठलं संकट येत नाही, कुठला देव शाप द्यायला येत नाही. त्यांचा लोभ आणि हस्तरचा नियम यांचा गुणाकार होतो. हे पाहताना माझ्या अंगावर काटा येतो, तो राक्षसाला भिऊन नव्हे. हे टळणार नव्हतं, हे कळल्यामुळे येतो.

हे अटळपण कशासारखं, ते मला कात्रजलाच सापडतं. इथल्या तलावातून पेशवाईत, नानासाहेबांच्या काळात, शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेलं होतं. पंप नव्हता. जमिनीखालून बांधीव नळ, मध्ये मध्ये हवेसाठी उच्छ्वास, आणि सगळी भिस्त उतारावर. हौदावर कळशी भरणाऱ्या बाईला तो उतार कधी दिसला नसेल, पण वाटेत कुठे नळ चढा झाला असता तर तिची कळशी कोरडी राहिली असती. ‘तुंबाड’च्या पटकथेला असा उतार आहे.

हा उतार गंभीर चित्रपटांनाच लागतो असं नाही. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’मधला (१९९३) तात्या विंचू मुलांना खरा का वाटला? त्याचा जीव बाहुल्यात अडकलाय, ज्याला पहिल्यांदा गुपित सांगितलं त्याच्याच शरीरात त्याला शिरता येतं, आणि त्याला मारायचं तर दोन भुवयांच्या मध्येच गोळी लागली पाहिजे. रामदास पाध्यांनी हाताने चालवलेला तो बाहुला कितीही मंत्र म्हणाला तरी बाहुल्याएवढाच राहतो. ‘मिस्टर इंडिया’तला (१९८७) अदृश्य माणूस लाल उजेडात दिसतो. ही एक अट काढून टाका, चित्रपटातली अर्धी धडधड जाते.

आजच्या मोठ्या खर्चाच्या चित्रपटांत मला नेमकं इथे दुखतं. आग, पाणी, कोसळणारे मनोरे अगदी हुबेहूब असतात. प्रत्येक पलिता सुंदर पेटलेला असतो. पण नायकाची शक्ती गरज पडेल तशी वाढते, मेलेला माणूस संगीत वाढलं की उठतो, आणि काल ज्या शस्त्राला तोड नव्हती त्याला आज कारण न सांगता तोड निघते. मग कोणी पडलं तरी आपण घाबरत नाही. कड्यावर लावलेले पलिते आहेत ते. दिसतात छान, त्यांच्यामागे जावंसं वाटत नाही.

प्रभातच्या ‘संत तुकाराम’ला (१९३६) हे कष्ट घ्यायची गरज नव्हती. तुकोबांचे चमत्कार महाराष्ट्राने आधीच मानलेले होते, अभिनवगुप्ताचा प्रख्यात नायक आयता हाती होता. दामले आणि फत्तेलाल ते चमत्कार नुसते पडद्यावर मांडून मोकळे झाले असते तरी लोकांनी हात जोडले असते. पण त्यांनी विष्णुपंत पागनिसांच्या तुकोबांशेजारी गौरीची जिजाई उभी केली. तिला भूक कळते, रिकामा डबा कळतो. पोर आजारी पडलं की ती देवळात जाऊन विठोबालाच पायताण दाखवते. कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेल्या या दोघा चित्रकारांनी तिचं घरही तिच्यासारखंच राबतं ठेवलं. त्या काळची चमत्कारांची करामत आज सहज ओळखू येते, जोड दिसतो. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात हा चित्रपट गौरवला गेला, तिथल्या प्रेक्षकांना ना विठोबा माहीत होता ना देहू. त्यांच्यापाशी आपली श्रद्धा नव्हती. त्यांना जिजाई समजली असणार, असं मी मानतो.

शेवटी गरुड येतो, तुकोबा वैकुंठाला निघतात. जिजाई खालीच राहते. तिला पोरं आहेत, संसार आहे, उद्याची चूल आहे. दर वेळी हे दृश्य आलं की माझे डोळे काही क्षण गरुडाबरोबर वर जातात आणि मग खाली, तिच्याकडे वळतात.